आईच्या पोटातले जिवाणू आणि लेकराचा स्वभाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते. आमच्या भागातल्या आशाताईंच्या ओळखीनं मी त्या दिवशी तिथं जाऊन बसते. नंबर लागायला वेळ असतो. बाया भिंतीला टेकून बसलेल्या असतात, सोबत सासू नाहीतर आई असते, आणि गप्पा निघतात. अलीकडे त्या गप्पांत एक प्रश्न सारखा येतो. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो आणि हळूच विचारतं, "ताई, आईच्या पोटातल्या जंतूंवरून लेकराचा स्वभाव ठरतो म्हणे. खरंय का?"

विचारणाऱ्या बाईच्या आवाजात कुतूहलापेक्षा धास्ती जास्त असते. ती धास्ती पाहूनच हे लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. जिवाणूंबद्दल मात्र जे ठाऊक आहे ते सरळ सांगते.

पोटातले जिवाणू म्हणजे जंतच ना?

नाही. जंत डोळ्यांना दिसतात, ते अंगातलं रक्त आणि पोषण खातात, आणि त्यांच्यासाठी तिसरा महिना सरल्यावर डॉक्टर एक गोळी देतात. जिवाणू त्याहून कितीतरी लहान, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे. आपल्या अंगात ते साधारण ३८ लाख कोटी असतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षाही थोडे जास्तच. बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचलेलं ते पचवतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात, रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. रानात जसं चांगलं गवत दाट असलं की काँग्रेस गवताला शिरायला वाव मिळत नाही, तसंच.

आईच्या आतड्यातले जिवाणू पोटातल्या बाळाला लागतात का?

जिवाणू स्वतः सहसा पोचत नाहीत. मध्यंतरी काही संशोधकांना वाटलं होतं की वारेतसुद्धा (म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणाऱ्या प्लॅसेंटात) जिवाणूंची वस्ती असते. मग केंब्रिजच्या संशोधकांनी ५३७ बायांची वार तपासली आणि २०१९ साली निष्कर्ष छापला: निरोगी वारेत जिवाणूंची वस्ती नसते, आधी जे सापडलं होतं ते बरंचसं प्रयोगशाळेतल्या रसायनांमधून आणि प्रसूतीच्या वेळी आलेलं होतं. काही बायांच्या वारेत रोगजंतू सापडू शकतात, पण तो संसर्ग झाला.

मग बाळावर परिणाम होतो तरी कसा?

जिवाणू पोचत नाहीत, पण त्यांनी तयार केलेली रसायनं पोचतात. समजा तुम्ही ज्वारीची भाकरी खाल्ली. तिच्यातला सगळा भाग लहान आतड्यात पचत नाही. चोथा मोठ्या आतड्यात जातो, जिवाणू त्याला आंबवतात, आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं निघतात. ती आईच्या रक्तात उतरतात आणि वारेतून बाळाकडे जाऊ शकतात. अशी आणखी शेकडो संयुगं आहेत. बाळाचा मेंदू तेव्हा घडत असतो, आणि यातली काही संयुगं त्या घडणीत कामाला येतात असं प्राण्यांमध्ये दिसलंय.

दुसरी वाट आईच्या प्रतिकारशक्तीची. कुठले जिवाणू आतड्यात आहेत त्यावर आईच्या रक्तातल्या संरक्षक पेशी किती भडकतात हे काही अंशी ठरतं. आणि मेंदूभोवती एक गाळणी असते, रक्तातलं नको ते आत जाऊ नये म्हणून. २०१४ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की ज्या उंदरिणींच्या आतड्यात जिवाणूच नव्हते, त्यांच्या पिल्लांची ही गाळणी गर्भात असल्यापासूनच सैल होती.

"पोटात ९० टक्के सिरोटोनिन तयार होतं, ते मेंदूत जाऊन आनंद देतं" असंही तुम्ही ऐकलं असेल. पहिला भाग बरोबर. दुसरा चूक. आतड्यातलं सिरोटोनिन त्या गाळणीतून पलीकडे जात नाही.

उंदरांवर नक्की काय पाहिलं? नीट सांगा.

हा भाग मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात जपानमधून झाली. २००४ साली क्यूशू विद्यापीठात नोबुयुकी सुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून जिवाणूमुक्त वाढवलेले उंदीर घेतले. त्यांना थोडा वेळ जखडून ठेवलं, की साध्या उंदरांपेक्षा त्यांच्या अंगात ताणाची संप्रेरकं खूप जास्त उसळायची. लहान वयात जिवाणू दिले तर हे बरंच सुधारलं. वय वाढल्यावर दिले तर नाही. जिवाणूंचं काम वेळेवर व्हावं लागतं, हे तिथं पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

मग २०१६. अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजात शेली बफिंग्टन आणि माउरो कोस्टा-मातिओली यांनी उंदरिणींना गाभण राहण्याआधीपासून अतिचरबीचा खुराक दिला. किती चरबी? एकूण ऊर्जेतली ६० टक्के. त्यांची पिल्लं मोठी झाल्यावर दुसऱ्या उंदरांत मिसळेनात, अनोळखी उंदीर समोर आला तरी त्याच्याकडे फिरकत नसत. त्यांच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी नावाचा जिवाणू नऊपटीहून जास्त घटला होता. संशोधकांनी मग एक साधी गोष्ट केली: या पिल्लांना साध्या आईच्या पिल्लांसोबत एकाच पिंजऱ्यात ठेवलं. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे जिवाणू इकडून तिकडे गेले आणि बुजरी पिल्लं मिसळू लागली. पुढे नुसता तो एक जिवाणू पाण्यातून चार आठवडे पाजला, तरी मिसळणं सुधारलं आणि मेंदूतलं ऑक्सिटोसिन या जवळीक वाढवणाऱ्या संप्रेरकाचं काम वाढलं. उष्णतेनं मारलेला तोच जिवाणू दिला, तर काहीही फरक पडला नाही.

२०१७ चा प्रयोग तर एका अडचणीतून उभा राहिला. ग्लोरिया चोई आणि जुन हू हे संशोधक गाभण उंदरिणींना विषाणूच्या संसर्गासारखी स्थिती आणून पिल्लांचं वागणं पाहत होते. पिल्लं एकलकोंडी निघायची, एकच कृती पुन्हा पुन्हा करायची. पण दुसऱ्या पुरवठादाराकडून उंदीर आणले की हा परिणाम दिसायचाच नाही. कारण शोधलं तेव्हा कळलं की पहिल्या उंदरांच्या आतड्यात धाग्यासारखा एक जिवाणू होता, दुसऱ्यांत नव्हता. तो जिवाणू आईच्या संरक्षक पेशींना आधीच तापवून ठेवायचा. संसर्ग आला की त्या पेशी इंटरल्युकिन-१७ए हे रसायन भरमसाट सोडायच्या आणि त्याचा फटका पिल्लांच्या मेंदूला बसायचा. आईला आधी अँटिबायोटिक देऊन तो जिवाणू काढला, तर पिल्लं व्यवस्थित जन्मायची.

आणि २०२० साली कॅलिफोर्नियात हेलन व्हुआंग आणि एलेन शाव यांनी थेट गर्भातला मेंदू पाहिला. आईच्या आतड्यातले जिवाणू काढून टाकले, तर गर्भाच्या मेंदूत थॅलॅमसपासून (स्पर्शासारख्या संवेदना पुढे पोचवणारा भाग) मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत जाणारे तंतू कमी वाढले. पिल्लं मोठी झाल्यावर स्पर्शाच्या दोन चाचण्यांत मंद निघाली, बाकी बऱ्याच चाचण्यांत मात्र नेहमीसारखी. आईला क्लॉस्ट्रिडिया गटातले जिवाणू परत दिले, किंवा नुसती त्या जिवाणूंनी बनवलेली काही ठरावीक संयुगं दिली, तरी बिघाड टळला. जिवाणू न देता त्यांचं रसायन पुरलं, ही बाब या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते.

उंदरांचं माणसाला लागू होतं का?

जसंच्या तसं नाही. उंदराचं गरोदरपण साधारण वीस दिवसांचं, आपलं नऊ महिन्यांचं. प्रयोगातली उंदरीण पूर्ण जिवाणूमुक्त असते. अशी बाई जगात नाही. तुमच्या ताटातल्या एक चमचा तुपाची तुलना ६० टक्के चरबीच्या खुराकाशी करू नका, सासूबाईंनी केलेले डिंकाचे लाडू टाकून देऊ नका.

माणसांत थेट पाहिलेली एक गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलियात बार्वन भागातल्या २१३ आयांच्या शौचाचे नमुने गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत घेतले गेले आणि मुलं दोन वर्षांची झाल्यावर त्यांच्या वागण्याबद्दल आईवडिलांना विचारलं गेलं. २०२१ मध्ये निकाल आला. ज्या आयांच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार जास्त, त्यांच्या मुलांत अतिभित्रेपणा, चिंता, कोशात जाणं कमी दिसलं. आईचा आहार चांगला असेल तर जिवाणूंची विविधताही जास्त होती. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. चांगलं खायला मिळणाऱ्या घरात इतरही बऱ्याच गोष्टी चांगल्या असतात.

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. गरोदरपणी माझंच काही चुकलं का?

गेल्या पावसाळ्यात एक बाई सगळ्यांच्या मागं थांबली. तिच्या मांडीवर पाचेक वर्षांचा मुलगा होता, पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण बोटांत धरून गरागरा फिरवत होता. झाकण पडलं की ती न बघताच उचलून त्याच्या हातात द्यायची, इतकं ते सवयीचं झालेलं. ती म्हणाली, "तिसऱ्या महिन्यात मला ताप आलता. पाच दिवस गोळ्या खाल्ल्या. घरचे म्हणतात, त्यानंच झालं." शेजारी तिची सासू बसली होती, दुसरीकडे बघत.

मी सासूबाईंकडे तोंड करून उत्तर दिलं, आणि इथंही तेच लिहिते. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या वीस लाख मुलांच्या नोंदी पाहून २०१९ साली संशोधकांनी काढलं की स्वमग्नतेमागच्या फरकातला साधारण ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे, आणि तो आई आणि बाप दोघांकडून येतो. कुणा एका आईच्या पाच दिवसांच्या गोळ्यांवर बोट ठेवावं असं या सगळ्या संशोधनात काहीही नाही. ताप अंगावर काढण्यापेक्षा तिनं औषध घेतलं हे बरंच केलं.

स्वमग्न मुलांच्या आतड्यातले जिवाणू वेगळे असतात असं वाचलं असेल. ऑस्ट्रेलियातच २४७ मुलांचा अभ्यास २०२१ साली आला, त्यात गाडी उलटी निघाली. स्वमग्न मुलं ठरावीकच पदार्थ खातात, वासाला आणि चवीला बुजतात, आहार एकसुरी होतो, आणि म्हणून जिवाणूंचे प्रकार कमी होतात. म्हणजे वागण्यातून जिवाणू बदलले.

मुलाचं निदान झालं की घरातला पहिला प्रश्न "कुणामुळं" हा असतो, आणि बोट आईकडे जातं. या नव्या शास्त्राचा वापर त्या बोटासाठी होऊ नये, एवढं मला तळमळीनं म्हणायचं आहे.

गरोदर असताना अँटिबायोटिक घेऊ की नको?

डॉक्टरांनी दिलं असेल तर घ्या, आणि ठरलेले दिवस पूर्ण करा. आपल्याकडे उन्हाळ्यात हा प्रश्न फार येतो. टँकरचं पाणी मोजून वापरायचं, शेतावर आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. मग जळजळ, ताप, कंबरदुखी. लघवीचा संसर्ग अंगावर काढला तर तो मूत्रपिंडात चढतो आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकतं. जिवाणूंच्या विविधतेपेक्षा ती जोखीम कितीतरी मोठी. एका पोरीनं तर व्हिडिओ पाहून गोळ्यांची पट्टी उशाखाली दडवून ठेवली होती. आशाताईंनी शोधून काढली म्हणून बरं.

सर्दीपडशासाठी मेडिकलवरून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक आणू नका, एवढं पथ्य मात्र पाळा. सर्दी विषाणूंची, तिला त्या गोळीचा काही उपयोग नाही.

मग खायचं काय?

जिवाणूंना चोथा लागतो, आणि वेगवेगळा लागतो. यासाठी परदेशी बिया आणि महागडी पावडर आणायची गरज नाही. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात, पॉलिशच्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नाहीत. भाकरी, तुरीचं वरण, मुगाची उसळ, येसराची आमटी, त्यासोबत जवसाची नाहीतर कारळाची चटणी. पावसाळ्यात अंबाडी, तांदुळजा, चिघळ, पाथरी. थंडीत करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला, मेथी. माझी आजी रानातून येताना ओच्यात चार प्रकारचा पाला खुडून आणायची, आणि रोजची भाजी वेगळी असायची. आता रेशनचा तांदूळ आणि बटाटा यावर दिवस निघतात. पाच रुपयांचे कुरकुरे आणि चहाबिस्किट हा कित्येक गरोदर पोरींचा दुपारचा डबा झालाय. मला खरी काळजी याची वाटते.

शिळी भाकरी ताकात कुस्करून खाणं हे गरिबीचं लक्षण समजतात. पण भाकरी थंड झाली की तिच्यातल्या पिष्टाचा काही भाग असा घट्ट बसतो की लहान आतड्यात पचत नाही आणि सरळ मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतो. रात्रीची भाकरी सकाळी खायला हरकत नाही, बुरशी किंवा ओल नसली म्हणजे झालं. शिळा भात मात्र बाहेर राहिलेला खाऊ नका, त्यात विष करणारे जिवाणू वाढतात.

ज्वारी पेरणाऱ्यांसाठी एक: परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ साली 'परभणी शक्ती' हा वाण दिला, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेच्या साथीनं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. घरी खाण्यापुरता एक पट्टा लावून पाहण्यासारखा.

आणि ताटाचं सांगते आहे तर हेही सांगू द्या: गरोदर बाईला काय खायला हवं हे तिला एकटीला सांगून उपयोग नसतो. शेवटी जेवायला बसणारीच्या वाट्याला भाजीचा रस्साच उरतो. म्हणून मी सासूबाई आणि नवरा सोबत असतील तर त्यांनाच आधी सांगते.

दही, ताक, आंबील चालतं का?

चालतं. येळवशीला (वेळ अमावास्येला) रानातल्या कोपीत मडक्यातलं आंबील वाढतात ते आठवा. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण-जिरं. आंबायला लागलं की वरच्या साईसारख्या थरावर बारीक बुडबुडे येतात आणि मडक्याच्या तोंडाशी कान नेला तर चुरचुर ऐकू येते. ती जिवाणूंचीच चाहूल. यानं बाळाचा स्वभाव गोड होईल असं मी म्हणणार नाही. पण पोटाला ते मानवतं, उन्हात थंडावा देतं आणि स्वस्त आहे.

दूध मात्र उकळूनच घ्या. धारोष्ण दूध ताकदीचं असतं हा समज गरोदरपणात घातक आहे, कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि लिस्टेरिया लागू शकतात आणि त्यानं गर्भपात होऊ शकतो. पाण्याचंही तसंच, टँकरचं पाणी उकळून गार करा.

प्रोबायोटिकच्या पुड्या घ्याव्या का?

मुलाच्या स्वभावासाठी? नको, तसा पुरावा नाही. प्रोबायोटिक हा शब्द "औषध" या शब्दाइतकाच मोघम आहे, कुठला जिवाणू, किती, कुणाला, कशासाठी, यावर सगळं अवलंबून. ओडिशात खेड्यांतल्या ४,५०० हून अधिक नवजात बाळांना एका ठरावीक जातीचा जिवाणू, त्याच्या खाद्यासकट, जन्मानंतर आठवडाभर दिला गेला. २०१७ साली निकाल आला: रक्तात पसरणारा संसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. किती मोठं काम! पण ते त्या जातीपुरतं आणि त्या कारणापुरतं. मेडिकलमधल्या कुठल्याही पुडीला ते लागू होत नाही.

लोहाच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, शौच काळं होतं. जिवाणू बिघडतात म्हणून बंद करू का?

बंद करू नका. देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायांना रक्तक्षय आहे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१: ५२.२ टक्के). बाळाच्या मेंदूच्या घडणीसाठी लोह लागतंच, त्याबद्दल काही वाद नाही. काळं शौच गोळीमुळे होतं, घाबरू नका. गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर घ्या. पाणी आणि पालेभाजी वाढवा. तरी त्रास झाला तर डॉक्टर गोळी बदलून देतात.

काळजी केली, ताण घेतला तर बाळावर येतं का?

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ट्रेसी बेल यांच्या प्रयोगशाळेत गाभण उंदरिणींना रोज थोडा थोडा ताण दिला. तो कसा, ते वाचून मी थबकले: ओला बिछाना, रात्रभर दिवा, अनोळखी आवाज, कोल्ह्याचा वास, सारखी जागा बदलणं. २०१५ च्या त्यांच्या लेखात दिसलं की ताणामुळे आईच्या जननमार्गातले लॅक्टोबॅसिलस घटले, पिल्लांच्या आतड्यातही फरक पडला आणि मेंदूतल्या काही रसायनांतही.

ओला बिछाना, सारखी बदलती जागा. आमच्या बीड-धाराशिवकडची कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली बाई डोळ्यांपुढे येते. दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन जोडपं कारखान्यावर जातं, दोघं मिळून एक कोयता. ती सातव्या महिन्याची असली तरी पहाटे तीनला मोळ्या बांधायला उठते, कारण खाडा झाला की पैसे कापतात. झोपायला पाचटाची कोपी. गावातली आशाताई मागे राहते, गोळ्या संपतात, तपासणी चुकते. अशा बाईला "ताण घेऊ नको, आनंदी राहा" म्हणणं मला जमत नाही. तिला हवी असते मजुरी न बुडता मिळणारी विश्रांती आणि फडाजवळ येणारी नर्स. माता-बालक कार्ड सोबत न्या, जिथं जाल तिथल्या आशाताईला दाखवा. गोळ्या आणि लस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळतात.

आईच्या विचारांचे संस्कार गर्भावर होतात, त्याचा हाच पुरावा का?

नाही. ताणाची संप्रेरकं, जिवाणू आणि आहार यांचा अभ्यास वेगळा, ठरावीक मंत्र ऐकून हुशार मूल होण्याचा दावा वेगळा. आवडत असेल तर भजन जरूर ऐका, मन निवतं.

माती खावीशी वाटते. त्यातून चांगले जिवाणू मिळतात म्हणे.

मातीतून जंतांची अंडी आणि शिसं मिळू शकतं. माती, खडू, कच्चे तांदूळ यांची ओढ बहुधा लोह कमी असल्याची खूण असते. लाजू नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

सिझेरियन झालं तर बाळाला चांगले जिवाणू मिळत नाहीत का?

सुरुवातीला वेगळे मिळतात. ब्रिटनमध्ये ५९६ बाळांचा अभ्यास झाला (२०१९), सिझेरियनच्या बाळांत आईच्या आतड्यातले जिवाणू कमी आणि दवाखान्यातले जास्त दिसले. पहिल्या वर्षाच्या आत हा फरक बराचसा मिटतो. मुलाच्या वागण्यावर त्याचा कायमचा ठसा राहतो असं कुणी दाखवलेलं नाही. गरज होती म्हणून सिझेरियन झालं, आई-बाळ सुखरूप आहेत, मग मनाला लावून घेऊ नका. योनिस्राव बाळाच्या तोंडाला पुसायचा प्रकार घरी मुळीच करू नका, त्यातून रोगजंतू लागू शकतात.

त्यापेक्षा पहिल्या तासात अंगावर पाजा. आईच्या दुधात सुमारे २०० प्रकारच्या अशा शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या आहेत बायफिडोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंसाठी. बाळासोबत त्याच्या जिवाणूंचाही डबा आई भरून देते! चीक टाकून देणाऱ्या घरांत मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

बाळाला मध चाटवला, गुटी दिली तर?

वर्षाच्या आत मध अजिबात नको. त्यात बोटुलिझम हा जीवघेणा आजार करणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातले जिवाणू त्यांना वाढू देत नाहीत, बाळाच्या आतड्यात ती फौज अजून उभी राहिलेली नसते. गुटी उगाळायची सहाण, पाणी, हात यातूनच जुलाब लागतात. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही.

शौचाची तपासणी करून माझे जिवाणू चांगले की वाईट हे कळेल का?

जाहिराती येतात, पैसे घालू नका. गरोदरपणासाठी "चांगले" जिवाणू कोणते याचं ठरलेलं माप अजून नाही. शिवाय गरोदरपणात ते आपोआपच बदलतात. फिनलंडमधल्या ९१ बायांत २०१२ साली हे नीट पाहिलं गेलं: पहिल्या आणि शेवटच्या तीन महिन्यांतले जिवाणू एकाच बाईचे वाटू नयेत इतके वेगळे. आपल्या भागातल्या भाकरी-वरण खाणाऱ्यांत प्रिव्होटेला गटातले जिवाणू भरपूर असतात, परदेशी तक्त्याशी आपला अहवाल जुळणारही नाही.

लेकरू दोन वर्षांचं झालं, अजून बोलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. आता जिवाणूंसाठी काही करता येईल का?

जिवाणूंचं राहू द्या, आधी लेकराला दाखवा. "बाप पण उशिरा बोलला होता" म्हणून वर्ष घालवू नका, लहानपणी सुरू केलेल्या उपचाराला गुण लवकर येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पुढची फेरी कधी आहे ते अंगणवाडीताईंना विचारा. फेरी लांब असेल तर थांबू नका, त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. तपासणी मोफत आहे. जाताना माता-बालक कार्ड न्या, आणि हाक मारल्यावर लेकरू वळतं का, बोटानं दाखवतं का, याचा मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घरीच काढून ठेवा, कारण दवाखान्यात लेकरं बुजतात. तिथं बहुधा सगळ्यात आधी कान तपासतील.